ओळख आधी, दंड मागाहून

गणेशचतुर्थीला दोन दिवस उरले की आमच्याकडे माटोळीची गडबड सुरू होते. नारळ, सुपारीची शिपटी, केळीचा घड, दोडकी, पडवळ, भोपळा, काकडी आणि रानातील नाना फळे अशी सारी वनश्री देवाच्या माथ्यावर टांगावयाची, आणि तीत एक तरी वस्तू आपल्या परसातील असावी, हा प्रत्येक घराचा हट्ट. एका वर्षी आम्ही आमच्या मांडवावरची एक लांबसडक काकडी मोठ्या अभिमानाने घरात आणली. थोरल्या काकींनी ती हातात घेतली, उजेडाकडे फिरवली आणि देठाजवळच्या एका बारीक टोचणीवर बोट ठेवले. तेथे रसाचा लहानसा थेंब डिंकासारखा वाळून बसला होता. "अरे, ही देवाला चालायची नाही. हिला माशी लागली आहे," इतकेच त्या म्हणाल्या. आम्हांस ते पटले नाही. काकडी चिरून पाहिली, तो आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

काकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि आम्ही कायद्याचे पदवीधर. परंतु पुरावा म्हणजे काय हे त्या दिवशी त्यांना कळले, आम्हांस कळले नाही. त्याच पावसाळ्यात आमच्या हातून याहून मोठी चूक घडली होती. चवळीच्या कोवळ्या शेंगांवर काळा मावा दाटला होता आणि त्या गर्दीत सुसरीच्या आकाराच्या, काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या फिरत होत्या. दिसण्यात त्याच भयंकर; म्हणून त्याच अपराधी, असे ठरवून आम्ही बाजारातून आणलेले जालीम औषध फवारले. अळ्या मेल्या. मावाही थोडा मेला. परंतु पंधरा दिवसांत तो पूर्वीपेक्षा अधिक दाट झाला, कारण त्याला खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्या आम्ही स्वतःच नाहीशा केल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आम्ही न्यायालयात नव्हे, आमच्याच परसात केला होता.

तेव्हापासून भाजीपाल्याच्या किडींकडे आम्ही जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आरोपीची ओळख पटल्यावाचून शिक्षा देऊ नये, हे न्यायाचे पहिले सूत्र. ते मनुष्याला लागू आहे तसेच परसबागेलाही लागू आहे, आणि ते शिकावयास मनुष्यजातीला शतके लागली, असे या विषयाचा इतिहास वाचताना आम्हांस दिसून आले. हा इतिहास म्हणजे ओळखीच्या चुका आणि त्या चुकांची दुरुस्ती यांचीच हकीकत आहे.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांपासून आरंभ करू. 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात पिकाचा नाश करणाऱ्या जिवांसाठी एक मंत्र दिला आहे. तो लिहून शेतात बांधावयाचा असतो. वकिलाच्या डोळ्यांनी पाहिले तर तो मंत्र नसून रीतसर काढलेले आज्ञापत्र आहे. प्रभु रामचंद्र बिरुदावलीसह हनुमंताला आज्ञा करीत आहेत. शेतमालकाचे गोत्र आणि नाव घालावयास जागा मोकळी ठेवली आहे. उपद्रवी किडींची नावे क्रमाने दिली आहेत. त्यांत 'गांधी' हे नाव आहे, आणि भाताच्या लोंब्यांतील दूध शोषणाऱ्या, दुर्गंधी सोडणाऱ्या ढेकणाला उत्तर भारतात आजही गांधी याच नावाने ओळखतात. त्या आज्ञापत्रातील क्रम पाहण्यासारखा आहे. किडींनी प्रथम सांगितल्यावरून शेत सोडून जावे; न गेल्या तरच मारुतीच्या शेपटीचा प्रहार. आधी नाव, मग सूचना, मग दंड. मंत्राच्या फलाविषयी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु दंडापूर्वी नाव घेतले पाहिजे, ही जाणीव त्या ग्रंथकाराला होती, एवढे निश्चित.

सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त झाडांच्या विकारांचे वात, पित्त, कफ असे निदान करून विडंग, मोहरी इत्यादिकांचे लेप व धूर सांगितले आहेत. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होते. डॉ. नलिनी साधले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये सिकंदराबादेहून प्रसिद्ध झाले; हैदराबादकडील आमच्या वाचकांना याचा अभिमान वाटावा. तथापि कोणती कीड कोणत्या झाडाला कोणत्या अवस्थेत लागते, अंड्यापासून पंखांपर्यंत तिचे रूप कसे पालटते, हा विचार अद्याप व्हावयाचा होता.

तो विचार युरोपातही नव्हता. फ्रान्समधील सेंट ज्युलियन गावच्या द्राक्षमळ्यांवर सोंडेकिड्यांची धाड आली, तेव्हा १५८७ मध्ये गावकऱ्यांनी त्या किड्यांवर चक्क खटला भरला. किड्यांच्या बाजूने वकील नेमला गेला. तडजोड म्हणून गावाने त्यांना एक जमीन देऊ केली, आणि ती नापीक असल्याचे सांगून त्यांच्या वकिलाने ती नाकारली. निकालाचे अखेरचे पान उंदरांनी किंवा किड्यांनी खाल्लेले आढळते, त्यामुळे कोण जिंकले हे कळत नाही. आमच्या व्यवसायबंधूंच्या कर्तव्यदक्षतेचे कौतुक वाटते. परंतु त्या सोंडेकिड्याची अळी कोठे वाढते, हे त्या न्यायालयात कोणीच विचारले नाही.

याच सुमाराची एक चूक तर आमच्या गोव्यातच झाली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयी इतके बारकाईने लिहिणाऱ्या या विद्वानाने लाख ही पंखांच्या मोठ्या मुंग्या तयार करतात, असे नमूद केले. वस्तुतः लाख तयार करतो तो फांदीला चिकटून रस शोषणारा एक इवलासा किडा. जेम्स केर याने १७८१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि आज शास्त्रात त्या किड्याला केरचेच नाव आहे. मग मुंग्या तेथे का होत्या? तो किडा जो गोड चिकटा सोडतो, तो खाण्यास त्या येतात. ओर्ताची ही चूक परसात आजही रोज होते. भेंडीच्या झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आपण मुंग्यांवर भुकटी टाकतो. पानाची खालची बाजू उलटून पाहावी, तो तेथे मावा किंवा पिठ्या ढेकूण आढळतो. घटनास्थळी सापडला तो गुन्हेगार, असे मानणारा फौजदार आणि आपण, यांत मग अंतर ते काय उरले?

शास्त्रीय ओळखीचा पाया घातला तो लिनियसने, १७५८ मध्ये. त्याचा शिष्य योहान केनिग १७६८ मध्ये तंजावरच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे वैद्य म्हणून आला. तेथे त्याने वनस्पती आणि कीटक गोळा केले, आणि त्याने पाठविलेल्या कीटकांपैकी अनेकांचे वर्णन लिनियसचाच दुसरा शिष्य फाब्रिसियस याने केले. या गुरुशिष्यांनी नामकरण केलेले दोन भुंगेरे आमच्या मुद्द्याला फारच उपयोगी आहेत. लिनियसने सात ठिपक्यांच्या ढालकिड्याला नाव दिले. फाब्रिसियसने १७७५ मध्ये अठ्ठावीस ठिपक्यांच्या भुंगेऱ्याला. दोघेही एकाच कुळातले, दोघेही गोल पाठीचे, तांबूस रंगाचे. परंतु पहिला मावा खाऊन बागेचे रक्षण करतो आणि दुसरा वांग्याची पाने कुरतडतो. एका घराण्यात साधू आणि चोर जन्मावे, तशातला हा प्रकार.

त्यांना ओळखावे कसे? मावा खाणाऱ्याची पाठ गुळगुळीत व चकचकीत असते. पाने खाणाऱ्याच्या पाठीवर बारीक लव असल्याने ती मंद दिसते. त्याची अळी पिवळसर असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात, आणि ती पानाचा हिरवा भाग खरवडून शिरांची जाळी मागे ठेवते. ढालकिड्याची अळी मात्र काळपट, चपळ आणि सुसरीच्या आकाराची. आम्ही जिचा वध केला ती हीच. दोन मिनिटे वाकून पाहिले असते तर पुरावा समोरच होता: ती पान खात नव्हती, मावा खात होती.

आपल्या देशात या विद्येला संस्थेचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय १९०३ मध्ये सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून आले. १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे कृषिसंशोधन संस्था स्थापन झाली. त्यांचा हिंदुस्थानातील उपद्रवी कीटकांवरील ग्रंथ १९०६ मध्ये आणि सर्व कीटकसृष्टीवरील मोठा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. त्यांच्यामागून आलेल्या बेनब्रिग फ्लेचर यांचे दक्षिण हिंदुस्थानातील कीटकांवरील पुस्तक १९१४ चे, आणि टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांचे दक्षिण भारतासाठीचे मार्गदर्शक पुस्तक १९४० चे. या मंडळींची पद्धत साधी, परंतु न्यायालयाला शोभणारी होती. शेतातील अळी आणावयाची, जाळीच्या पिंजऱ्यात त्याच झाडाचा पाला देऊन वाढवावयाची, ती कोषात जाऊन पतंग किंवा माशी होऊन बाहेर येईपर्यंत थांबावयाचे, आणि मगच नाव लिहावयाचे. पुसा येथे जमविलेला तो कीटकसंग्रह पुढे दिल्लीस आला, कारण १९३४ च्या भूकंपाने पुसाची इमारत मोडली आणि संस्था १९३६ मध्ये दिल्लीस हलली. लेफ्रॉय यांचा अंत मात्र हृदयद्रावक झाला. १९२५ मध्ये लंडनमध्ये कीटकनाशक वायूचे प्रयोग करीत असता त्याच विषाने त्यांचा बळी घेतला.

थांबून पाहण्याच्या या पद्धतीवाचून काही अपराधी सापडलेच नसते. वांग्याची कीड हे त्यांतील उत्तम उदाहरण. सकाळी वांग्याचा एखादा कोवळा शेंडा मान टाकतो. आपण म्हणतो, पाणी कमी पडले. तो शेंडा चिरावा, तो आत गुलाबी छटेची अळी बसलेली. हीच अळी पुढे फळात शिरते. फळावर दिसणारे छिद्र बहुधा ती बाहेर पडल्याचे असते. म्हणजे छिद्र पाहून औषध मारणारा, चोर पळून गेल्यावर दाराला कुलूप लावीत असतो. हिच्या पांढऱ्या पतंगाला गेने या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५४ मध्ये नाव दिले. चातुर्मासात वांगे वर्ज्य करून चंपाषष्ठीला त्याचे भरीत करण्याची रीत अनेक घरांत आहे. ती या अळीमुळे पडली असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आगशीच्या वांग्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एवढे करावे, की मान टाकलेला शेंडा दिसताच तो बोटभर खालून कापून जाळावा. ओळख पटली की शिक्षा किती लहान पुरते, ती ही अशी.

कधी दिसणारा अपराधी हा केवळ दलाल असतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि मग सारे झाडच फिके होते. शेतकरी याला केवडा म्हणतात. मुंबई इलाख्यातून १९२४ मध्ये कुलकर्णी यांनी या रोगाची प्रथम नोंद केली. पुढे कपूर आणि वर्मा यांनी १९५० मध्ये दाखवून दिले की या विषाणूची ने-आण पांढरी माशी करते. माशी झाडाचा रस शोषते तो अल्प. परंतु एका झाडाचा रोग दुसऱ्याला पोहोचविण्याचे तिचे काम मोठे. एकदा पिवळे पडलेले झाड कोणत्याही औषधाने हिरवे होत नाही. ते उपटून टाकणे हाच शेजारच्या झाडांचा बचाव. रोगाला दाद न देणारी भेंडीची जात शोधण्याच्या प्रयत्नांतूनच परभणीच्या कृषि विद्यापीठाची 'परभणी क्रांती' निघाली.

आता काकींच्या काकडीकडे वळू. त्या फळमाशीला कॉकिलेट याने १८९९ मध्ये नाव दिले ते हवाई बेटांतील नमुन्यांवरून. परंतु तिचे मूळ घर आपला भारतीय प्रदेश, असे शास्त्रज्ञ मानतात. ही ओळख पटताच हवाईच्या लोकांनी पुढचा प्रश्न विचारला: हिच्या मूळ घरी हिचा शत्रू कोण? त्या शोधासाठी फुलावे हे गृहस्थ हिंदुस्थानात आले आणि फळमाशीच्या अळीत अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी १९१६ मध्ये हवाईस घेऊन गेले. तिला फ्लेचर यांचेच नाव मिळाले आहे. पुसाच्या हॉवलेट यांनी तर १९१२ मध्ये दाखविले की काही फळमाश्यांचे नर सिट्रोनेला तेलाच्या वासाने खेचले जातात. आजचे वासाचे सापळे याच शोधाचे वंशज. परंतु येथेही ओळख हवीच. आंब्याच्या माशीला ओढणारा वास काकडीच्या माशीला ओढीत नाही. तिच्यासाठी निराळे आमिष लागते. ज्याने आंब्याचा सापळा काकडीच्या मांडवात टांगला, त्याचा सापळा रिकामा राहावयाचाच.

ओळखीवाचून दंड देण्याचे दिवस आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर याने १९३९ मध्ये शोधला आणि त्याला १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच फवाऱ्याने सारे मरते, मग नावे कशाला विचारावयाची, अशी वृत्ती जगभर पसरली. तिची किंमत निरपराध्यांनी दिली. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या विषाने दूषित झालेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्या शोकांतिकेची चौकशी झाली आणि अखेर १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम झाले. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हा त्या नियमांचा. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, हेही डब्यावर दिलेले असते. वकील म्हणून आम्हांस यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घेणाऱ्याला आपल्या किडीचे नाव ठाऊक आहे, हे त्या लेबलात गृहीत धरले आहे. ज्याला नावच ठाऊक नाही, त्याच्या हाती कायद्याचे ते सारे संरक्षण निरर्थक होते. आमच्या हातातील डब्यावर त्या दिवशी काय लिहिले होते, ते आम्ही वाचलेही नव्हते. आणि त्या मांडवापासून विहीर वीस पावलांवर आहे.

आता तर परदेशी पाहुण्यांची भर पडली आहे. बाहेरून येणाऱ्या किडींना अडविण्यासाठी १९१४ मध्येच कायदा झाला होता. तथापि कीड पारपत्र दाखवून येत नाही. टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी दक्षिण अमेरिकेतील नागअळी २०१४ मध्ये पुणे भागात आढळली. त्याआधी २००८ मध्ये कोइमतूरकडे पपईवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, आणि पाहता पाहता तो तुती, टॅपिओका, वांगी, भेंडी यांवर पसरला. शेतकऱ्यांनी विषामागून विष मारले. मेणचट आवरणाखाली तो सुखरूप राहिला. मग त्याची नेमकी ओळख पटली: हा मेक्सिकोकडचा रहिवासी. त्याचे शत्रू ठाऊक होतेच. २०१० मध्ये पोर्तो रिको बेटावरून तीन जातींच्या सूक्ष्म गांधीलमाश्या आणून बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने त्या वाढविल्या आणि शेतांत सोडल्या. जे विषाने झाले नाही ते त्यांनी थोड्याच काळात केले. १९१६ मध्ये आपण हवाईला जे ऋण दिले, ते जणू दुसऱ्या बेटाकडून फिटले.

यातून परसाच्या धन्याने काय घ्यावे? आपल्याकडे हिमऋतू नाही. थंड देशांत बर्फ जे काम करते ते येथे कोणी करीत नाही, आणि वर्षभर एका पिढीमागून दुसरी पिढी निघत राहते. म्हणून सर्वांना मारून टाकू म्हणणे हा भ्रम आहे. ओळखून आवरणे एवढेच हाती आहे. सकाळी पानाची खालची बाजू पाहावी. पान कुरतडलेले आहे की रस शोषल्याने आकसलेले, हे आधी ठरवावे. कुरतडणारा आणि शोषणारा यांचे उपाय निराळे. रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन एक फेरी मारावी, कारण कित्येक चोर रात्रीचेच. अनोळखी अळी दिसली तर काचेच्या बरणीत त्याच झाडाच्या पाल्यावर ठेवून तोंडाला मलमलीचे फडके बांधावे आणि काय निघते ते पाहावे. तरीही न उमगले, तर बरणी घेऊन जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात जावे.

थोरल्या काकी आता नाहीत. आमच्या मांडवावर काकडी बोटाएवढी झाली की आम्ही तिला जुन्या वर्तमानपत्राची पिशवी बांधतो, आणि गळलेली, टोचलेली फळे मातीत कुजू न देता नष्ट करतो, कारण अळी तेथेच कोषात जाते. चवळीवर मावा आजही येतो, ढालकिडेही येतात, आणि आम्ही त्या दोघांच्या वादात पडत नाही. गेल्या चतुर्थीला माटोळीला बांधलेली काकडी आमच्याच परसातली होती. बांधण्यापूर्वी ती उजेडाकडे धरून फिरवून पाहिली; देठाजवळ टोचणी नव्हती.